मास्तरांचा शब्द

ठकुबाई: आन् रागवायचं कुणावर? समोर कुणीच न्हाई की. ह्या काचंवर?

शाल्मली: काचेमागे रेकॉर्डिंगला गुरुराज बसलाय ना मावशी, त्याच्यावर रागवा.

ठकुबाई: त्येनं काय केलंय माझं? सकाळधरनं बिचारा कानाला ते लावून गप बसलाय.

गुरुराज: रागवा हो अक्का, काही हरकत नाही. इथे बेंगळुरात, बसवनगुडीत आमच्या तीन पिढ्या झाल्या, तिन्ही पिढ्या मलाच रागावतात. फक्त स्वल्प मागे सरा. माइक तोंडात घालू नका. हां, सरी, असंच.

शाल्मली: पुढचा शब्द 'बिनडोक'. मघाच्या शब्दांसारखाच चारदा म्हणायचा. आधी साधा, मग रागानं, मग थट्टेनं आणि शेवटी मायेनं.

ठकुबाई: बिनडोक. बिनडोक! बिनडोक हाईस काय रं... आन् मायेनं? बिनडोक मायेनं कोन म्हनतंय गं?

शाल्मली: फॉर्ममध्ये चार रकाने आहेत मावशी. चारही भरावे लागतात.

ठकुबाई: रकाना हाय म्हनून माया आनायची व्हय? परवा तुझ्या त्या नागपूरच्या शंतनुनं मेसमदी काय केलं? मदत करतो म्हनून आला आन् कडकडीत तेलात ओला झारा बुडवला. तवा तोंडातनं बिनडोक निगतंय. तेल निवलं की शब्दबी निवला. मायेला तेवढी सवड कुटं आसती त्यात?

शाल्मली: हे! हेच हवंय मला. गुरुराज, हे रेकॉर्ड झालं का?

गुरुराज: सगळं होतंय. चहा मागवलेलापण झालाय.

शाल्मली: मावशी, खरं सांगते, मी आधी ही लिस्ट ऑफिसात बसून केली. एकतीस शब्द. बावळट, वेंधळा, खुळा, भोळा, मठ्ठ, सगळ्यांपुढे अर्थ लिहिला 'फूलिश'. मॅनेजर म्हणाला, एकतीस शब्दांचा एकच अर्थ कसा? मग संध्याकाळी मेसमध्ये जेवताना तुमचं बोलणं ऐकलं. भाकरी थापता थापता दहा जणांना दहा वेगळे शब्द, आणि एकही माणूस चिडला नाही.

ठकुबाई: चिडतील कशाला? भाकरी वाढालो की. आन् अर्थ एकच आसता तर एकतीस शब्द कशाला लागले आसते? भांड्यावानी हाय ते. दूध तापवायचं येगळं, कालवन करायचं येगळं.

शाल्मली: मग 'वेंधळा' कुठलं भांडं?

ठकुबाई: आपल्या मेसमदला शार्दूल. चष्मा इसरला म्हनून परत आला, चष्मा घेतला, छत्री इसरून गेला. छत्रीला आला, तर मोबाईल ठेवला. त्येचं डोस्कं बरं हाय, ते फकस्त त्येच्यासंगट नसतंय. वेंधळ्यावर कोन रागवतंय? हसायचं आन् छत्री खुटीला टांगून ठेवायची.

शाल्मली: आणि बावळट?

ठकुबाई: बावळटाचं तोंडावर दिसतंय. बस येतीया, बस थांबतीया, बस जातीया, आन् हा तोंड उघडं टाकून नुसता बघालाय. तुला कोन म्हनलंय व्हय कदी?

शाल्मली: बाबा. रोज म्हणायचे. पुण्यात दार उघडायला उशीर झाला तरी बावळट, परीक्षेत पहिली आले तरी 'आली आमची बावळट'. इथे चार वर्षं झाली, कोणी म्हटलं नाही. इथे चुकलं की सगळे म्हणतात, इट्स ओके, नो इश्यूज. मला कधीकधी वाटतं, कोणीतरी मोठ्यानं बावळट म्हणावं.

ठकुबाई: आगं मग फोन लाव की बापाला.

शाल्मली: लावते. पण फोनवर ते मला 'बेटा' म्हणतात हल्ली. लांब राहणाऱ्या मुलीला बावळट म्हणवत नसेल.

ठकुबाई: व्हय. लांबच्या मानसासंगट आपन लई जपून बोलतोय. पावन्यावानी.

गुरुराज: म्याडम, दोन वाजता पुढची पार्टी येणार आहे. शब्द अजून सात आहेत.

शाल्मली: हो हो, सॉरी. पुढचा शब्द 'खुळा'.

ठकुबाई: ह्यो घ्या नंतर.

शाल्मली: का?

ठकुबाई: घसा बसलाय. आधी ते भोळा घ्या.

शाल्मली: बरं, भोळा.

ठकुबाई: भोळा. भोळा! ह्येच्यात राग येतच न्हाई बघ, खोटाच येतोय. भोळ्याला फसवायला दुसरा कुणीतरी लागतोय. म्हनून राग त्या दुसऱ्यावर जातोय, भोळ्यावर न्हाई. लिही तुझ्या रकान्यात.

शाल्मली: लिहिते. मठ्ठ?

ठकुबाई: बुडाला जाड भांडं. खालनं कितीबी जाळ घाल, आत काय पोचत न्हाई. मठ्ठ. मठ्ठ! काय मठ्ठ हाईस गं...

गुरुराज: अक्का, पदर माइकला घासला. परत एकदा.

ठकुबाई: मठ्ठ!

गुरुराज: आता छान. मूर्ख घ्या.

ठकुबाई: ह्यो शब्द आमच्याकडं शाळंत गेलेली मानसं वापरत्यात. निपाणीकडं आमच्या गावात कुनी कुनाला मूर्ख म्हनलं, तर समजायचं भांडन कोर्टात जाणार. मूर्ख. मूर्ख! घ्या. अडाणी? हे मला म्हना खुशाल. मी शाळंची पायरी चढलो न्हाई, त्यात काय खोटं हाय? अडाणी आसनं काय खुळेपना न्हाई. अर्धवट मातर वंगाळ शब्द हाय गं. मानूस मोजून अर्धा करून टाकत्यात. तो मी एकदाच म्हनतो, चारदा न्हाई.

शाल्मली: एकदा रागानं म्हणा, बाकीचे मी बघते. आता तरी 'खुळा' घ्यायचा?

ठकुबाई: एक इचारू? हे जे मी बोलालोय, ते फोनात जाणार म्हनालीस ना?

शाल्मली: हो. फोनमध्ये जो बोलणारा असिस्टंट असतो ना, त्याला आपली मराठी शिकवायची आहे.

ठकुबाई: सगळ्यांच्या फोनात?

शाल्मली: ज्यांच्या फोनमध्ये हे ॲप असेल त्यांच्या.

ठकुबाई: देवनहळ्ळीकडंबी?

शाल्मली: देवनहळ्ळी काय, अमेरिकेतसुद्धा.

ठकुबाई: अमेरिका नको. देवनहळ्ळी बास. बरं, खुळा न म्हनता खुळ्या म्हनलं तर चालतंय?

शाल्मली: चालेल. जसं तुम्ही म्हणता तसंच म्हणा.

ठकुबाई: मग लावा तुमचं ते. खुळ्या. खुळ्या! काय खुळ्या, आज लई नटलास... आन् आता मायेचं. थांबा हां. पानी द्या जरा. ...खुळ्या.

गुरुराज: अक्का, शेवटी आवाज पडला. ऐकू नाही आलं. परत एकदा.

ठकुबाई: खुळ्या.

गुरुराज: पुन्हा पडला. थकलात का? पाच मिनिटं थांबू या?

ठकुबाई: थकलो न्हाई. ह्यो शब्द लई दिवस तोंडातनं भाईर आला न्हाई, त्यानं आखडलाय. घे आता. खुळ्या, जेवलास काय रं?

गुरुराज: ह्याला मी काही बोलत नाही, म्याडम. हे ठेवायचं.

शाल्मली: हो. हे ठेवायचं. मावशी, हा तुम्ही आम्हाला मेसमध्ये कधीच म्हटला नाहीत. बिनडोक, टोणगा, येडगबाळं, सगळं म्हणता. खुळा नाही.

ठकुबाई: तुम्ही पोरं ग्वाड हाईसा. पर खुळा घरातल्याला म्हनत्यात. आपल्याच मानसाला. खुळ्याला कुनी दुसरा फसवत न्हाई. त्यो आपल्या आपन, स्वताच्या पायानं जाऊन खड्ड्यात पडतोय, आन् वर बघून आपल्याकडंच हसतोय. त्येला दुसरं काय म्हननार?

शाल्मली: बरं. आता एकच राहिला, शेवटचा. अगदी छोटा आहे. 'ढ'.

ठकुबाई: ह्यो न्हाई.

शाल्मली: म्हणजे?

ठकुबाई: ह्यो शब्द मी म्हननार न्हाई.

शाल्मली: अहो एका अक्षराचा तर आहे. चार वेळा म्हटलं की झालं, आपण मोकळे. मग मी तुम्हाला रिक्षानं मेसपर्यंत सोडते.

ठकुबाई: रिक्षा नको, चालत जातो मी. शब्द म्हननार न्हाई.

शाल्मली: मावशी प्लीज. एक शब्द जरी राहिला ना, तर अख्खं सेशन रिजेक्ट होतं. आज सकाळपासून केलेलं सगळं फुकट.

ठकुबाई: सगळं? खुळ्याबी?

शाल्मली: सगळंच.

ठकुबाई: आसं कसं? त्यो तर चांगला आलाय. ह्यो गुरुराज सोता म्हनला, ठेवायचं म्हनून.

शाल्मली: सिस्टिमच तशी आहे. एकतीसच्या एकतीस पाहिजेत.

ठकुबाई: म्हंजे खुळ्या त्येच्यापातूर जायला पायजे, तर मी आधी 'त्यो' शब्द म्हनायला पायजे. परत एकदा. आगं पोरी, हे कसलं इपरीत घालालीस माझ्यापुढं?

शाल्मली: त्याच्यापर्यंत म्हणजे? कोणापर्यंत?

गुरुराज: अक्का, बाहेर या. माइक बंद केलाय मी. चहा थंड होतोय, बसा इथे.

ठकुबाई: कृष्णात. माझा ल्योक. देवनहळ्ळीला आसतोय, त्या इमानतळाच्या बाजूला शेतं मोडून लेआउट पाडालेत ना, तितं साइटवर सुपरवायझर हाय. प्लॉट बघायला येनाऱ्या लोकास्नी हिंडवून दावतोय. कन्नड बोलतोय, हिंदी बोलतोय, विंग्रजीबी मोडकंतोडकं.

शाल्मली: तुम्हाला मुलगा आहे? इथेच? दोन वर्षं मी तुमच्या हातचं जेवते, तुम्ही कधी बोलला नाहीत.

ठकुबाई: काय बोलू? त्यो माझ्यासंगट बोलत न्हाई, ते सांगू?

शाल्मली: काय झालं पण?

ठकुबाई: लहानपनी शाळंत त्येला उमजायचं न्हाई. धावीला दोनदा बसला. मास्तर त्येला नावानं हाकच मारायचे न्हाईत. 'ए ढ, फळा पूस. ए ढ, घंटा दे.' गावातली पोरंबी तेच म्हनायला लागली. घरी येऊन पोरगं न जेवता झोपायचं. मी त्येच्या उशाला बसायचो आन् म्हनायचो, आरं खुळ्या, मास्तरला काय कळतंय? तू खुळा हाईस, माझ्यावानी. ढ न्हाईस. खुळा म्हनलं की ते हसायचं. उठून दोन भाकरी खायचं. मी तवा मनाशी ठरवलो, सगळं जग म्हनू दे, माझ्या तोंडातनं त्यो शब्द कदी निगायचा न्हाई. वीस वर्सं निगाला न्हाई.

गुरुराज: आणि मग?

ठकुबाई: मग दोन वर्सामागं त्येच्या बाचा म्हाळ हुता. पित्राचं पान गं, पुण्याकडंबी आसतंय न्हवं? कृष्णात म्हनला, आई, त्याच दिवशी आमच्या साइटचं उद्घाटन हाय, सायब पित्रपंधरवडा मानत न्हाई, त्यो येनार, मला हलता येत न्हाई. मी म्हटलो, तू नको येऊ, मी येतो. पहाटं उठून सगळं रांधलो. वडं, खीर, कढी, गवारीची भाजी. पाच पुडाचा डबा भरलो. राजाजीनगरच्या मेसवरनं मॅजेस्टिक, मॅजेस्टिकवरनं देवनहळ्ळी. दोन बशी बदलून, मांडीवर डबा. आधी त्येनं हातानं कावळ्याला पान ठेवायचं, मग आमी जेवायचं, आसं डोक्यात.

शाल्मली: मग?

ठकुबाई: तितं मांडव, पताका, खुर्च्या. कृष्णात इस्त्रीचा शर्ट घालून पळालाय नुसता. मी डबा टेबलावर ठेवलो आन् कावळा कुटं दिसतोय काय बघायला मागं गेलो. सगळी झाडं तोडलेली, कावळा कुटला मिळतोय? हिंडून परत येतो तर डबा उघडा. पुडं मांडलेली. सायब वडा खालाय. येवाई, त्येचा सासरा, बोटं चाटालाय. आन् माझा कृष्णात वाढालाय, हासून हासून.

गुरुराज: अय्यो देवा. पित्राचं जेवण?

ठकुबाई: पित्राचं. कावळा शिवायच्या आधी. माझ्या डोक्यात आग गेली. सायब हाय, येवाई हाय, सून हाय, प्लॉट घेनारी बडी मानसं हाईत, काय दिसलं न्हाई. सगळ्यांम्होरं वरडलो. 'ढ! ढ ते ढच ऱ्हायलास. मास्तर खरं बोलत हुते.'

शाल्मली: मावशी...

ठकुबाई: त्येच्या हातात खिरीची वाटी हुती. ती त्येनं खाली ठेवली. तसंच तोंड झालं त्येचं बघ, शाळंतनं येताना व्हायचं तसं. बत्तीस वर्साचा गडी, आन् तोंड धा वर्साचं.

गुरुराज: चुकून झालं ना अक्का त्याच्याकडून.

ठकुबाई: चुकून न्हाई रं, कौतुकानं झालं! ते मला मागनं कळालं. सून हाय ना, प्रियदर्शनी, तिनं सांगितलं. म्हैनाभर त्यो सायबाला सांगत हुता, माझ्या आईच्या हाताला जी चव हाय ती अख्ख्या बेंगळुरात न्हाई, एकदा खायाला घालतो तुमास्नी. डबा बघितला आन् त्येला वाटलं, आईनं सायबासाठनंच आनलाय. म्हाळाचं डोक्यातनंच गेलं. खुळा. आता सांग, ह्येला कुटला शब्द? बिनडोक? मठ्ठ? न्हाई. हा खुळा. ठार खुळा. आन् मी त्येला दुसराच शब्द दिला.

शाल्मली: तेव्हापासून बोलत नाही?

ठकुबाई: एक शब्द न्हाई. मी लावला तर फोन उचलत न्हाई. म्हैन्याच्या म्हैन्याला सून फोन करती. 'बऱ्या हाईसा काय, औषध घेतासा काय.' मी इचारतो, कृष्णात हाय काय? ती म्हनती, भाईर गेल्यात. आन् मागं त्येचा खोकला ऐकू येतोय मला. आईला ल्येकाचा खोकला कळत न्हाई व्हय? मी म्हनतो, बरं, आल्यावर सांग. आन् खोकला ऐकत बसतो, फोन ठेवंपातूर.

शाल्मली: म्हणून तुम्ही आज आलात. मी विचारलं तेव्हा लगेच हो म्हणालात, मला नवलच वाटलं होतं. मेस सोडून तुम्ही कुठे जात नाही.

ठकुबाई: तू म्हनालीस, आवाज सगळ्यांच्या फोनात जाणार. मी म्हटलो, माझा फोन त्यो उचलत न्हाई, पर सोताच्या फोनाशी तर बोलतच आसंल. साइटवर उन्हात एकटा उभा आसंल, फोनाला काय तरी इचारंल, आन् फोन म्हनंल, 'खुळ्या, जेवलास काय रं?' माझ्या आवाजात. त्येला वळीख पटंल.

शाल्मली: मावशी, मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. तसं नसतं ते. तुमच्यासारख्या शंभर जणांचे आवाज घेतात. ते सगळे एकत्र करून मशीन शिकतं. तुमचा आवाज तुमचा म्हणून कोणाच्याच फोनमध्ये जाणार नाही.

ठकुबाई: म्हंजे शंभर बायकांच्या पिठात माझं पीठ मिसळून टाकनार?

शाल्मली: हो. आणि फोन स्वतःहून कोणाला खुळ्या म्हणणारही नाही. उलट आहे. माणसांनी हे शब्द म्हटले, तर फोनला कळावं की हे रागानं म्हटलंय, थट्टेनं की मायेनं. तेवढंच.

ठकुबाई: मग त्येला सांगंल काय फोन? की त्या दिवशी आई रागानं बोलली, पर बाकीची तीस वर्सं माया हुती?

शाल्मली: नाही मावशी. नाही सांगणार.

ठकुबाई: हं.

गुरुराज: पाणी घ्या अक्का.

ठकुबाई: नको बाबा. काय गं शालू, तुझ्या यादीतला मला कुटला लावशील? पहाटं उठून भाकऱ्या उरकून आलो, हितं काचंपुढं बसून एकटीच बडबडालो.

शाल्मली: भोळ्या आहात तुम्ही.

ठकुबाई: न्हाई. सकाळीच सांगितलो न्हवं, भोळ्याला दुसरा फसवतोय. मला कुनी फसवलं न्हाई. मी माझ्या पायानं आलो. आमच्या घरान्यातच खुळेपना हाय, त्येनं माझाच घेतलाय.

शाल्मली: गुरुराज, सेशन असंच सबमिट कर. शेवटच्या रकान्यात लिही, 'बोलणाऱ्या बाईंनी हा शब्द म्हणायला नकार दिला.'

गुरुराज: रिजेक्ट होईल म्याडम. तुमच्या मॅनेजरला काय सांगाल?

शाल्मली: होऊ दे. त्याला सांगेन, एकतीस शब्दांचे अर्थ मिळाले. ह्या शेवटच्या शब्दाचा तर फारच नीट मिळाला. मावशी, त्याचा नंबर काय?

ठकुबाई: कशाला?

शाल्मली: प्लॉटच्या धंद्यातला माणूस आहे ना? अनोळखी नंबर तो उचलणारच. गिऱ्हाईक असेल म्हणून.

ठकुबाई: ते मलाबी ठाव हाय. मेसमदल्या कुनाचाबी फोन मागून लावता आला आसता की मला. दोन वर्सं का न्हाई लावलो? फसवून बोलल्यासारखं हुतंय. आन् त्येनं माझा आवाज ऐकून कट केला म्हंजे? आता निदान वाटतंय तरी, की नंबर बघून कट करतोय. आवाज ऐकून न्हाई.

गुरुराज: अक्का, मी लहान तोंडी मोठा घास घेतो. तुम्ही आत्ता शंभर लोकांच्या मशीनसाठी तीनदा म्हणालात तो शब्द. तिसऱ्यांदा नीट आला. त्याच्यासाठी एकदा म्हणून बघा.

ठकुबाई: येत्या बुधवारी म्हाळ हाय परत.

शाल्मली: मग तर लावाच.

ठकुबाई: लाव. थांब, पदर नीट करू दे. ...आता लाव.

(शाल्मली नंबर लावते आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवते. दुसऱ्या रिंगला तो उचलला जातो. पलीकडे यंत्राची घरघर.)

कृष्णात: नमस्कारा सर, हेळी, हेळी. ...हॅलो? प्लॉट देखना है क्या सर? ...हॅलो, कोन?

ठकुबाई: मी हाय.

कृष्णात: ...

ठकुबाई: कट करू नको. एवढंच म्हनतो, कट करू नको.

कृष्णात: कुनाचा फोन हाय ह्यो?

ठकुबाई: मेसमदल्या पोरीचा. शाल्मली म्हनून हाय, पुण्याची.

कृष्णात: बरी हाईस न्हवं? काय झालंय काय?

ठकुबाई: काय झालं न्हाई. बरी हाय. तुझा खोकला गेला न्हाई अजून.

कृष्णात: तुला कुनी सांगितलं खोकला हाय म्हनून?

ठकुबाई: ऐकतो की दर म्हैन्याला.

कृष्णात: ...गिऱ्हाईक थांबल्यात, आई. काय काम हुतं?

ठकुबाई: काम न्हाई. त्या दिवशी जे बोललो त्यो शब्द माझा न्हवता. मास्तरांचा हुता. माझ्या तोंडात कसा आला मला ठाव न्हाई. मी तुला कदीच तसा समजलो न्हाई, कृष्णात.

कृष्णात: दोन वर्सांनी सांगालीस.

ठकुबाई: दोन वर्सं रोज सांगालोय. तू उचलला न्हाईस.

कृष्णात: सगळ्यांम्होरं बोललीस तू. सासऱ्याम्होरं. सायब अजून हासून इचारतोय, काय रे, तुझी आई काय म्हणाली होती.

ठकुबाई: व्हय, सगळ्यांम्होरं बोललो. आताबी हितं दोघं ऐकालेत, त्येंच्याम्होरं सांगतो, मी चुकलो. तुज्या सायबाम्होरं येऊन सांगू? येतो. पाच पुडाचा डबा घेऊन येतो, आन् ह्या टायमाला आधी त्येलाच वाढतो. कावळा ऱ्हाऊ दे थांबून.

कृष्णात: बास. नको काय आसलं बोलू.

ठकुबाई: बरं. न्हाई बोलत.

कृष्णात: ठेवू मग?

ठकुबाई: ठेव. गिऱ्हाईक थांबलंय तुझं. ...खुळ्या, जेवलास काय रं?

कृष्णात: ...

ठकुबाई: कृष्णात?

कृष्णात: हितं जेसीबी चाललाय, आई. नीट ऐकू आलं न्हाई. परत एकदा म्हन.